‘अष्टपुत्रा’, ‘औक्षवंत’, ‘तथास्तु’: आपण रोज देतो-घेतो त्या आशीर्वादांचा अर्थ आणि उगम

ताम्हण:

दिवाळीच्या पाडव्याला माझी पुतणी लग्नानंतर पहिल्यांदाच घरी आली होती. तिने माझ्या आईला वाकून नमस्कार केला आणि आईच्या तोंडून सवयीने निघून गेले, ‘अष्टपुत्रा सौभाग्यवती भव!’ पुतणी हसून म्हणाली, ‘आजी, आठ? आमचं घर दोन खोल्यांचं आहे.’ वयाची शहाऐंशी वर्षे पार केलेली माझी आई हातातले निरांजन खाली न ठेवताच उत्तरली, ‘अगं, तो मंत्र आहे, हिशोब नव्हे.’ सगळे हसले आणि विषय फराळाकडे वळला, परंतु माझ्या मनातून तो गेला नाही. मंत्र असेल तर तो कुठला, आणि हिशोब नसेल तर आठ हाच आकडा का, या प्रश्नांपासून मी शोधाशोध सुरू केली.

ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात सूर्येच्या विवाहाचे सूक्त आहे. त्यातील पंचेचाळिसाव्या ऋचेत इंद्राला विनवले आहे, ‘दशास्यां पुत्रानाधेहि पतिमेकादशं कृधि’, म्हणजे हिला दहा पुत्र दे आणि पतीला अकरावा कर. मूळ मागणी अशी दहाची आहे. आपल्याकडे आठ रुजले ते इतके, की वधूच्या पिवळ्या साडीचे नावच ‘अष्टपुत्री’ झाले.

त्याच सूक्तातील तेहेतिसावी ऋचा मला अधिक मोलाची वाटली. ‘सुमङ्गलीरियं वधूरिमां समेत पश्यत । सौभाग्यमस्यै दत्त्वायाथास्तं वि परेतन ॥’ ही वधू सुमंगल आहे, या, हिला पाहा, हिला सौभाग्य द्या आणि मग आपापल्या घरी जा. (जमलेल्या पाहुण्यांना इतक्या सरळपणे घरी जायला सांगण्याची हिंमत आजच्या यजमानात उरलेली नाही.) येथे सौभाग्य ही मंडपात जमलेल्या लोकांनी वधूला द्यावयाची गोष्ट आहे. ‘भग’ म्हणजे वाटा, नशिबाने येणारा चांगला हिस्सा. ज्या स्त्रीला तो लाभला ती सुभगा, आणि तिची स्थिती ते सौभाग्य. नवरा हयात असणे एवढाच अर्थ या शब्दाला पुढे चिकटला आणि बाकीचा सगळा वाटा गळून पडला.

आपल्या घरांत, गावांत, व्यवसायांत कोणते आशीर्वाद बोलले जातात आणि त्यांचे मूळ काय, यावर जाणकारांनी लिहावे.

रेफ:

चर्चेच्या आरंभीच एक विनंती करतो, कारण पुढे शंभर वेळा हा शब्द येणार आहे. तो ‘आशीर्वाद’ आहे, ‘आर्शिवाद’ नव्हे. मूळ शब्द ‘आशिस्’, त्यापुढे ‘वाद’ म्हणजे बोलणे. संधी होताना ‘शी’ दीर्घ होते आणि रफार ‘वा’वर जातो. मालट्रकांच्या आणि रिक्षांच्या पाठीवर आई-वडिलांचा जो ‘आर्शिवाद’ रंगवलेला असतो, तो पोहोचत असेलच. पण एक अक्षर अलीकडे उतरत असावा.

दुसरे असे की ‘आयुष्यमान भव’ हेही चूक आहे. शब्द ‘आयुष्मान्’ असा आहे.

गव्हाळ:

‘औक्षवंत हो’ याविषयी लिहितो. हा शब्द संस्कृत वाटतो म्हणून अनेक जण तो कोशात शोधतात आणि तेथे तो सापडत नाही, कारण तो संस्कृतातून घसरत घसरत मराठीत आलेला आहे. आयुष्य या शब्दातील ‘ष्य’चा लोकांच्या जिभेवर ‘क्ष’ झाला. आमच्या गावाकडे आजही मनुष्याला ‘मनुक्ष’ आणि भविष्याला ‘भविक्ष’ म्हणणारी म्हातारी माणसे आहेत. त्याच चालीवर आयुष्याचे ‘औक्ष’ झाले. ‘औक्षवंत’ म्हणजे आयुष्यवंत, यापलीकडे त्यात गूढ काही नाही. शिकलेल्यांनी ‘मनुक्ष’ला अशुद्ध ठरवले आणि ‘औक्षवंत’ला मात्र देवघरात बसवले, याची मला गंमत वाटते.

शाई:

आशीर्वादाचे व्याकरण हा माझ्या आवडीचा विषय असल्यामुळे थोडे सविस्तर लिहिते.

पाणिनीने यासाठी स्वतंत्र सूत्र दिले आहे, ‘आशिषि लिङ्लोटौ’ (३.३.१७३). आशीर्वाद द्यावयाचा असेल तर लिङ् वापरा किंवा लोट् वापरा. लिङ् म्हणजे विध्यर्थ, लोट् म्हणजे आज्ञार्थ. थोडक्यात, ‘पाणी आण’ हे ज्या रूपात सांगायचे, त्याच रूपात ‘सुखी भव’ म्हणायचे. लिङाचे आशीर्वादासाठीचे रूप निराळे बनते. ‘चिरं जीव्यात्’ हे त्याचे उदाहरण. ते रूप पुढे बोलीतून नाहीसे झाले.

मराठीने मात्र आपली सोय आपणच केली. संस्कृतातील ‘भवतु’चे प्राकृतात ‘होउ’ झाले आणि मराठीत ‘होवो’. जावो, येवो, मिळो, टळो, लाभो ही सारी रूपे याच कुळातील आहेत. १२९० साली पूर्ण झालेल्या ज्ञानेश्वरीच्या शेवटी जे मागणे आहे, ते या ओकारावरच उभे आहे:

‘दुरितांचे तिमिर जावो । विश्व स्वधर्मसूर्यें पाहो ।
जो जें वांछील तो तें लाहो । प्राणिजात ॥’

जावो, पाहो, लाहो. आज्ञा कोणाला केलेली नाही, समोर उभ्या असलेल्या एकट्यादुकट्याला दिलेलेही काही नाही. कर्ता आहे तो अंधार, विश्व आणि प्राणिजात. ‘भव’ म्हणायला समोर वाकलेले कोणीतरी लागते, ‘होवो’ म्हणायला लागत नाही. मराठी भाषेतील आशीर्वादाची खरी ताकद या एका स्वरात आहे असे माझे मत आहे. अर्थात ‘वाटोळे होवो’ आणि ‘मसणात जावो’ यांनाही तोच ओकार पुरतो. शाप आणि आशीर्वाद यांना वेगळे प्रत्यय देण्याइतकी चैन भाषेला परवडत नाही.

जाता जाता, चर्चेत वाद वाढला की आपण ‘असो’ असे लिहून मोकळे होतो, तेही मुळात याच घडणीचे आहे. असो.

पायली:

‘लाहो’ वाचले आणि खळे आठवले. ज्वारीची मळणी झाली की माझे आजोबा पायलीने धान्य मोजून पोत्यात भरत. पहिली पायली ओतताना ते ‘एक’ कधीही म्हणत नसत. म्हणत, ‘लाभ!’ आणि मग ‘दोन, तीन, चार’. लाभाला किंचित लांबवत, सगळ्यांना ऐकू जाईल असे. मी लहानपणी पोत्याचे तोंड धरून बसत असे आणि मला वाटे की लाभ हाच पहिला आकडा आहे; शाळेत बाईंनी उजळणी म्हणायला सांगितल्यावर मी ‘लाभ, दोन, तीन’ अशी सुरुवात केली आणि वर्गात हशा पिकला. आमच्या बाजारपेठेतील एक मुसलमान व्यापारी त्याच जागी ‘बरकत’ म्हणत असत. लाभ हा संस्कृत ‘लभ्’ धातूपासून आला आणि बरकत अरबीतून. पायली मात्र दोघांची एकाच मापाची होती.

कोल्हापूरकडे जोतिबाच्या नावाने जे ‘चांगभलं’ म्हणतात, तेही मला असेच वाटते. ‘चांग’ म्हणजे चांगले, आणि ‘भलं’ हे ‘भद्र’ या शब्दाचे प्राकृतमार्गे उतरलेले रूप, म्हणजे पुन्हा चांगलेच. क्रियापद नाही, कर्ता नाही, नुसते दोनदा चांगले.

बखर:

आशीर्वाद बोलण्यातून आधी पत्रांत आणि पत्रांतून पुढे नावांत कसा शिरला, ते पाहण्यासारखे आहे. पेशवाईतील पत्रांचे मायने ‘अखंडितलक्ष्मीअलंकृत राजमान्य राजश्री’ असे सुरू होतात. अखंड लक्ष्मीने अलंकृत असणे ही खरे तर शुभेच्छा. ती विशेषण होऊन नावाच्या डोक्यावर जाऊन बसली. त्यातील ‘राजमान्य राजश्री’चे पुढे ‘रा. रा.’ झाले आणि लग्नपत्रिकेपर्यंत पोहोचले. वडिलांनी मुलाला लिहिलेल्या पत्रात ‘चिरंजीव’ने आरंभ, मग ‘आशीर्वाद’, आणि मग ‘उपरी येथील कुशल जाणून स्वकीय कुशल लिहीत जाणे’. आमच्या आजोबांच्या पोस्टकार्डांवर याचे ‘अ. उ. आ.’ एवढेच उरले होते, म्हणजे अनेक उत्तम आशीर्वाद. कार्डाची जागा वाचवायची होती.

‘चिरंजीव’ हे मूळचे अख्खे वाक्य आहे, चिरं जीव, पुष्कळ काळ जग. आज ते नाम झाले आहे आणि बहुतेक वेळा कपाळाला आठी घालून उच्चारले जाते, ‘आमचे चिरंजीव अजून उठलेले नाहीत’. वाढदिवसाला जे सात चिरंजीव आपण स्मरतो, त्यांत पहिले नाव अश्वत्थाम्याचे आहे, ज्याचे दीर्घायुष्य हा मुळी शाप होता. दुसरे नाव बळीचे आहे. ‘इडा पिडा टळो, बळीचं राज्य येवो’ असे म्हणत आपल्याकडे स्त्रिया ओवाळतात, तोच हा बळी. महात्मा फुले यांनी १८७३च्या ‘गुलामगिरी’त या ओवाळण्याच्या शब्दांकडेच बोट दाखवून त्याला आपला राजा म्हटले. घरातल्या आशीर्वादाचा इतिहासाचा पुरावा म्हणून उपयोग करणारे ते पहिलेच असावेत असे मला वाटते.

उंबरठा:

वरील सर्व प्रतिसाद मी आदराने वाचले. तरीही एक गोष्ट कोणीच लिहिली नाही, म्हणून लिहिते.

माझी आजी वयाच्या एकतिसाव्या वर्षी विधवा झाली. नावामागची ‘सौ.’ ही अक्षरे गेली आणि ‘गं. भा.’ आली. गंगा भागीरथी, ऐकायला किती पवित्र! सणावाराला आम्ही नातवंडे तिच्या पाया पडत असू आणि ती आमच्या डोक्यावर, पाठीवर आपला खरखरीत हात फिरवून ‘उदंड आयुष्याचे व्हा’ म्हणत असे. पण तिने कोणाला नमस्कार केला तर समोरचा काय म्हणे, हे आठवण्याचा मी पुष्कळ प्रयत्न केला. बहुतेक जण नुसते ‘हं, हं’ म्हणत. तिला ‘औक्षवंत हो’ असे म्हटलेले मी एकदाही ऐकलेले नाही. माझ्या काकाच्या लग्नात तर, ज्याला तिने वाढवले त्याच्यावर, तिने मांडवाच्या खांबाआडून अक्षता टाकल्या.

अक्षता म्हणजे न मोडलेले तांदूळ. ‘अखंड’ सौभाग्य, ‘अक्षत’ तांदूळ, ‘अविधवा’ नवमी. जुन्या मराठीत सवाष्णीला ‘अहेव’ म्हणत, तेही ‘अविधवा’पासूनच आलेले. आपले पुष्कळसे शुभ शब्द नकारापासून बनलेले आहेत. आणि ज्या बाईच्या बाबतीत तो नकार खोटा ठरला, तिच्यासाठी भाषेकडे आशीर्वाद शिल्लक राहत नाही. शिरोळ तालुक्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, त्यात कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे हे सारे होते. ते फार मोठे काम झाले. पण समोर वाकलेल्या विधवेला काय म्हणावे, हे कोणत्याही ठरावात मावणार नाही.

शाई:

उंबरठा, आपल्या प्रतिसादामुळे मी वरती ‘आवडीचा विषय’ असे लिहून जे गाळले होते, ते आता लिहिते.

नमस्काराला उत्तर देताना समोरच्याच्या नावाचा शेवटचा स्वर तीन मात्रांइतका लांबवावा, असा नियम होता. ‘आयुष्मानेधि देवदत्त३’ हे त्याचे ठरावीक उदाहरण आहे. तो तीनचा आकडा स्वर लांबवण्याची खूण आहे. पाणिनीचे सूत्र ‘प्रत्यभिवादेऽशूद्रे’ (८.२.८३) असे आहे. म्हणजे शूद्राला उत्तर देताना स्वर लांबवायचा नाही. स्त्रियांनाही हा स्वर वगळलेला होता. पतंजलीने महाभाष्याच्या, म्हणजे पाणिनीच्या सूत्रांवरील आपल्या भाष्याच्या, आरंभी व्याकरण शिकण्याची जी कारणे सांगितली आहेत, त्यांत हेही एक आहे: ज्यांना नावाचा स्वर लांबवता येत नाही, त्यांना प्रवासातून परतलेल्या माणसाने स्त्रियांना सांगतात तसे नुसते ‘हा मी आलो’ एवढेच म्हणावे, तेव्हा अभिवादनाच्या वेळी आपली गणना स्त्रियांसारखी होऊ नये म्हणून व्याकरण शिका.

आपल्या आजीला मिळालेले ते ‘हं, हं’ इतके जुने आहे.

पिंपळपान:

मी बौद्ध घरातला आहे. आमच्या लग्नपत्रिकांवर नावांआधी ‘चि.’ आणि ‘चि. सौ. कां.’ यांच्या जागी बहुधा ‘आयु.’ असते, म्हणजे आयुष्मान किंवा आयुष्मती. वधूवरांना एकच संक्षेप, ही सोय मला फार आवडते. विवाहविधीच्या अखेरीस ‘भवतु सब्ब मङ्गलं’ म्हटले जाते, ज्यात ‘सब्ब’ हा शब्द महत्त्वाचा आहे.

मनुस्मृतीत एक श्लोक आहे की, वडीलधाऱ्यांना नित्य वंदन करणाऱ्याच्या चार गोष्टी वाढतात: ‘आयुर्विद्या यशो बलम्’. धम्मपदातील १०९वी गाथा जवळजवळ शब्दाला शब्द तशीच आहे, फक्त तिच्यातील चार गोष्टी ‘आयु वण्णो सुखं बलं’ अशा आहेत. आयुष्य आणि बळ दोन्हीकडे आहेत. विद्या आणि यश यांच्या जागी कांती आणि सुख आले आहे.

शिंकेविषयीही येथे लिहायला हवे. लहान मूल शिंकले की घरोघरी ‘शतंजीव’ म्हणतात, त्याचे मूळ ऋग्वेदात ‘शतं जीव शरदो वर्धमानः’ असे आहे (१०.१६१.४). वर्षे शरद ऋतूंनी मोजलेली आहेत. आपण ती पावसाळ्यांनी मोजतो. विनयपिटकातील, म्हणजे भिक्खूंच्या नियमांच्या ग्रंथातील, चुल्लवग्ग या भागात अशी हकीकत आहे की, बुद्ध धम्म सांगत असताना त्यांना शिंक आली आणि भिक्खूंनी ‘जीवतु भन्ते भगवा’ असा एवढा गलका केला की सांगणेच थांबले. बुद्धांनी विचारले, शिंकेनंतर असे म्हटल्यामुळे कोणी जगतो किंवा मरतो काय? नाही, असे उत्तर आले. तेव्हा त्यांनी ते म्हणण्यास मनाई केली. पुढे झाले असे की, भिक्खू शिंकले की गावातील लोक ‘जीवथ भन्ते’ म्हणत आणि नियमामुळे भिक्खू गप्प बसत. लोकांना ते खटकले. उत्तरसुद्धा देत नाहीत म्हणून कुरकुर झाली. मग बुद्धांनी परवानगी दिली: गृहस्थ लोक मंगल मानणारे असतात, त्यांना ‘चिरं जीव’ असे उत्तर द्या.

शब्दाने आयुष्य वाढत नाही हे ठाऊक असूनही समोरच्याचे मन मोडू नये, एवढ्यासाठी नियम वाकवला गेला. ताम्हण यांच्या आईंचे ‘मंत्र आहे, हिशोब नव्हे’ मला याच्याच शेजारचे वाटते.

मांडवी:

गोव्यात आम्ही आभार मानतो तेच मुळी आशीर्वादाने. ‘देव बरें करूं’ म्हणजे देव तुमचे भले करो. मराठी कानाला ते ‘आपण करू’सारखे ऐकू येते, परंतु कोंकणीत ‘करूं’ म्हणजे ‘करो’. हिंदू आणि ख्रिस्ती दोघेही ते म्हणतात. ‘देव बरो दीस दिवं’ हे त्याचेच भावंड. ख्रिस्ती घरांत सायंकाळच्या प्रार्थनेनंतर मुले मोठ्यांकडे ‘बेसांव’ मागतात; हा शब्द पोर्तुगीजांकडून आला, मागणारे हात मात्र येथलेच आहेत.

मराठीत आपण ‘आभार’ मानतो, ज्यात भार आहे. कोंकणी माणूस तो भार देवाच्या खात्यावर टाकून मोकळा होतो. वासुदेवाचेही तसेच आहे. तो पहाटे दारात येऊन कोणाचे आभार मानत नाही, तर ‘दान पावलं’ असे सांगून कोणकोणत्या देवाला पावले त्याची यादी ऐकवतो.

सुपारी:

आशीर्वाद म्हणून जे ओळखूच येत नाहीत, तेही या धाग्यात यावेत. ‘शाबास’ हे फारसीतील ‘शाद बाश’, म्हणजे ‘आनंदी राहा’. सासरी ‘नांदणे’ हे ‘नन्द्’ धातूपासून, म्हणजे आनंदाने असणे; प्रत्यक्षात काय होते ते सोडा, क्रियापदाने तरी आशीर्वाद दिलेला आहे.

आणि ‘वाढणे’. आमच्या घरी बांगडी फुटत नाही, ‘वाढवते’. डब्यातील तांदूळ संपत नाहीत, ‘वाढतात’. दिवा कोणी विझवत नाही आणि रात्री दुकान कोणी बंद करत नाही, ‘वाढवतो’. पाहुणा ‘जातो’ म्हणाला तर आई अजूनही त्याला उंबऱ्यात थांबवून ‘येतो’ म्हणवून घेते. यामागे तथास्तूची धास्ती आहे. घरातला वास्तुपुरुष सतत ‘तथास्तु’ म्हणत असतो आणि तो शब्द पकडतो, हेतू नव्हे, अशी समजूत. म्हणून त्याच्या कानावर जाईल तेवढे चांगलेच जाऊ द्यायचे.

रेफ:

जेवणानंतरच्या ‘अन्नदाता सुखी भव’बद्दल विचारणार होतो. संबोधन असेल तर ‘अन्नदातः’ हवे, आणि तृतीयपुरुष असेल तर ‘भवतु’ हवे. परंतु उंबरठा यांचा प्रतिसाद वाचल्यानंतर आज हा मुद्दा काढण्याची इच्छा राहिली नाही. जेवून उठणाऱ्याने जसे म्हणायचे तसे म्हणावे.

ताम्हण:

सर्वांचे आभार, मांडवी यांच्या शब्दांत सांगायचे तर देव बरें करूं.

काल संध्याकाळी दिवेलागणीनंतर मी हा सगळा धागा आईला वाचून दाखवला. उंबरठा यांच्या आजीची हकीकत ऐकताना तिने जपमाळ थांबवली आणि पुन्हा एकदा वाचायला लावली. नंतर बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, ‘तिला औक्षवंत हो म्हणायला काय जात होतं कुणाचं?’

उठता उठता तिने विचारले की वेदात नेमके किती सांगितले आहेत. मी म्हटले, दहा. ती म्हणाली, ‘मग सांग तुझ्या पुतणीला, आजीनं दोन सोडले म्हणून.’